गेंड्याचे मागचे पाय

देवकी : दादा, ती बनियन बदल आधी. पाहुणे येताहेत.

मारोतराव : माह्या घरात मी बनियनवर बसतो वं. हिंगण्याच्या कंपनीत तीस वर्षं गळ्यापर्यंत बटणं लावले, आता नाही लावत. कोण पाहुणे?

देवकी : आधी शर्ट घाल, मग सांगते.

मारोतराव : तू सकाळच्या बसनं मौद्याहून आली, तेव्हाच मले डाऊट आला होता. रिटायर झालेली हेडमास्तरीण भावाकडे बिनाकामाची येत नाही. कोण येऊन राहिलं, सांग.

देवकी : चंपतराव.

मारोतराव : कोणता चंपतराव?

देवकी : पारशिवनीचे. आपल्या गावचे.

मारोतराव : मी त्या नावाच्या कोण्या माणसाले ओळखत नाही.

देवकी : ओळखत नाहीस तर कान कशाने लाल झाले?

मारोतराव : कोणं बोलावलं त्याले?

देवकी : गुंजननं. तुझ्या नातीनं. तिच्या फिल्म क्लबवाले रविवारी बर्डीच्या हॉलमध्ये 'हुंबा घाटी की रानी' दाखवणार आहेत.

मारोतराव : आपल्या गावात शूटिंग झालं थे पिक्चर? मले वाटलं थे उंदरांनी खाल्लं असन.

देवकी : परदेशातल्या कुणीतरी प्रिंट साफ करून इंटरनेटवर टाकली. सात लाख लोकांनी पाहिली म्हणे. जगातल्या सगळ्यात भंगार जंगलपटांची एक यादी निघाली आहे, तिच्यात आपला तिसरा नंबर.

मारोतराव : तिसरा काहून? आमच्याहून भंगार दोन कोणते आहे?

देवकी : ते गुंजनला विचार. रविवारी तुम्हा दोघांचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, दोन शब्द.

मारोतराव : माहा एकट्याचा करा म्हणा.

देवकी : एकट्याचा कसा करतील? गेंड्याच्या आत तुम्ही दोघं होतात. तू मागचे पाय, ते पुढचे पाय. अर्ध्या गेंड्याला कोणी शाल घालत नाही.

मारोतराव : मंग कॅन्सल करा. शेचाळीस वर्षं त्या माणसासंग एक शब्द बोललो नाही, आता शालीसाठी बोलू? अन् तुले काही वाटते का नाही? तुहं लग्न ठरलं होतं त्याच्यासंग. मी जाऊन मोडलं. अस्वल आलं तं मले एकट्याले गेंड्यात सोडून पळाला साला. आवाजसुद्धा नाही देल्ला. असा माणूस तुले काय सांभाळणार होता?

देवकी : मला पाठ आहे ते, दादा. दर भाऊबीजेला ऐकवतोस. ओवाळणीसोबत.

मारोतराव : तुह्या भल्यासाठीच केलं ना!

देवकी : बेल वाजली. शर्ट घाल.

मारोतराव : नाही घालत. पाहू दे त्याले.

देवकी : या, चंपतराव. घर सापडलं ना?

चंपतराव : सापडलं बाई. खाली गेटवर लिवलं हाय, 'कुत्र्यापासून सावध'. मंग थोडा वेळ तठीच उभा होतो.

मारोतराव : कुत्रा नाही. खाली बोर्ड आहे फक्त.

चंपतराव : मंग ठीक. म्या म्हनलं, पुन्हा पळा लागते का काय.

देवकी : बसा, बसा. पिशवीत काय आणलंत?

चंपतराव : वांगे हायेत. घरच्या वावरातले. भरताचे.

मारोतराव : आम्ही वांगे खात नाही.

देवकी : खातो. रोज खातो. द्या इकडे. जिना चढायला त्रास झाला का तुम्हाला?

चंपतराव : दोन्ही गुडघे बदलले दोन वर्षांमागं. चालता येते. पळाचं मात्र डाक्तरनं बंद केलं.

मारोतराव : शेचाळीस वर्षांआधी तो डॉक्टर भेटला पाहिजे होता.

चंपतराव : हे पाह्य मारोत्या, तू बोलून घे. म्या आयकाले तयार हाओ. पन पोरीनं फोनवर सांगतलं, अठी टीव्हीवर पूरा शिनेमा लागते. म्या थो पाह्याले आलो. म्या कवाच पाह्यला नाही.

देवकी : कधीच नाही? पारशिवनीला टुरिंग टॉकीज लागली होती तेव्हाही नाही?

चंपतराव : नाही. तवा तिकडं गेलो असतो तं पोट्ट्यायनं तंबूतूनच 'गेंडा पळाला, गेंडा पळाला' केलं असतं. वर्षभर करत होते. मले पाहून बैलसुदा हासतात असं वाटे.

देवकी : मी लावते. गुंजननं सगळं दाखवून ठेवलंय, हे लाल बटण दाबायचं आणि मग हे. दादा, सरक थोडा, त्यांना दिसू दे.

मारोतराव : त्याले तिकडच्या खुर्चीवर बसव.

(टीव्हीवर सिनेमा सुरू होतो.)

चंपतराव : हे आपलंच जंगल होय का?

देवकी : आपलंच. खाली लिहिलंय, 'अफ्रीका'.

चंपतराव : मांगून यष्टी जाऊन राहिली पाहा. पारशिवनी-रामटेक. साडेनऊची.

मारोतराव : आफ्रिकेत बी टायमावर होती.

देवकी : आणि हा आला हीरो. जंगलात हत्तिणीनं लहानाचा मोठा केलेला.

मारोतराव : हातातलं घड्याळ पाहा. हत्तिणीनं देलं असन, वाढदिवसाले.

चंपतराव : ज्या वेलीले लटकून राहिला, थो कडूकरायच्या विहिरीचा दोर होय. बादलीची कडी तशीच हाय. त्या दिवशी कडूकराच्या घरी सांजवरी पानी नव्हतं. म्हातारी शिव्या देत फिरून राहिली होती अन् डायरेक्टर म्हने, 'क्या एक्सप्रेशन है अम्मा का, इसको भी ले लो।'

देवकी : घेतलं ना! ती पाहा, चेटकीण म्हणून घेतलं.

मारोतराव : दुग्गल साहेब. काय माणूस होता! मी त्याले म्हटलं, साहेब, आमच्या इकडे गेंडा नसते. जंगलात अस्वल आहे, वाघ आहे, रानगवा आहे, तुम्ही गवा करा. थो म्हणे, 'नहीं है? अब है।'

चंपतराव : शिंगाच्या जागी वाळला दुधी लावला होता.

देवकी : तो एका सीनमध्ये डावीकडे वळतो, एकात उजवीकडे. गुंजन म्हणते, परदेशात लोकांनी ते मोजलंय.

मारोतराव : लोकांले काम नाही.

देवकी : हे आले हुंबा लोक. नरभक्षक.

चंपतराव : हे तं आपलं गाव होय.

देवकी : सगळं गाव. तव्याची काजळी फासून. आता हीरोला शिजवणार. तो मोठा गंज पाहा, भांड्यावर नाव दिसतंय. वाचा.

चंपतराव : 'नवयुवक गणेश मंडळ, पारशिवनी.'

मारोतराव : नरभक्षक असले तरी गणपती बसवत होते.

चंपतराव : अन् हे तुमची माय होय ना, बाई? ह्या डाव्या अंगाले?

देवकी : हो. लुगड्यावर पळसाचा पाला बांधलाय तिनं. दुग्गल म्हणाला, लुगडं सोडा. ती म्हणाली, सिनेमा सोडते, लुगडं नाही सोडत.

मारोतराव : सगळे 'हुंबा हुंबा' करून राहिले, माय नाही करत.

देवकी : ती 'राम राम' म्हणतेय. ओठांकडे नीट पाहा.

चंपतराव : तुमी कोठी हाये यात?

देवकी : मी शेवटच्या ओळीत. ती, काजळी जास्त झालेली. मावशीनं मला ओळखलं नव्हतं, म्हणाली, ही कोणाची पोर आणली यांनी बाहेरून?

मारोतराव : थांबा, थांबा. आला.

चंपतराव : गेंडा!

मारोतराव : कसा चालते पाहा. पुढचा डावा टाकते तं मागचाही डावाच टाकते. दारू पिऊन आल्यासारखा.

चंपतराव : तू मांगून ढकलत होता.

मारोतराव : तू सांगत नव्हता. पुढे डोळ्याले छेद होता, तुले सगळं दिसे. मले काय होतं मागं? वाकून तुही कंबर धरायची अन् तुह्या टाचा पाहायच्या. अठरा दिवस तुह्या टाचा पाहिल्या मी. आजही गर्दीत ओळखन.

देवकी : दादा, लोकांनी खाली अभिप्राय लिहिलेत. एक वाचते. 'या संपूर्ण चित्रपटात मनापासून काम फक्त गेंड्याच्या मागच्या पायांनी केले आहे.'

मारोतराव : कोणं लिहिलं? चांगला माणूस दिसते.

चंपतराव : पुढच्या पायाबद्दल काय हाय?

देवकी : पुढच्याबद्दल... अजून कुणी काही लिहिलं नाही.

मारोतराव : लिहितीन लोकं. आता थो सीन येऊन राहिला. मोहाच्या झाडाखालचा. पाहा तुम्ही दोघंबी. मी शेचाळीस वर्षं जे सांगून राहिलो, थे आता फोटोत दिसन.

चंपतराव : चैताचा महिना होता. मोहफुलं गळून राहिले होते. अस्वल फुलं खाले येतेच, म्या दुग्गलले सांगतलं होतं, सकायी तठी नोका लावू क्यामेरा.

मारोतराव : हे पाहा. गेंडा उभा आहे. मी आतून म्हणून राहिलो, चंपत्या, चाल ना गा. चंपत्या चालत नाही.

चंपतराव : धा पावलावर होतं थे. उभं झालं होतं. मले त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा दिसत होता.

मारोतराव : अन् हा पळाला! पाहा! मुंडकं फेकून पळाला! पुढून अर्धा गेंडा खाली, मागचा अर्धा उभा. थो मी!

देवकी : थांब, हीरो काहीतरी म्हणतोय. 'सावधान! यह मायावी गेंडा है! इसके भीतर से जादूगर निकला है!'

मारोतराव : हा जादूगर! चड्डीतला!

चंपतराव : अन् मंग हे हासनं कोनाचं होय? 'हा हा हा हा'?

देवकी : तुमचं. म्हणजे जादूगराचं.

चंपतराव : म्या हासलो नव्हतो! जीव चालला होता माहा, म्या काहून हासन? हे कोनं घातलं माह्या तोंडात?

मारोतराव : तुले हासू येत असन. मागं दोस्त मरून राहिला म्हणून.

देवकी : दादा!

मारोतराव : मंग काय वं? पाहा पुढे. अस्वल आलं. गेंड्याच्या अंगाले बारदाना चिकटवाले गुळाची खळ लावली होती, थे चाटून राहिलं मले. मागून. अडीच मिनिटं! मले वाटे हा चंपत्याच मस्करी करून राहिला. मी म्हणून राहिलो, 'चंपत्या, गुदगुल्या नको करू बे.' अन् कॅमेरावाला झाडावर बसून सगळं काढून राहिला, उतरून मदत करत नाही.

देवकी : आता राणी काय म्हणते ऐका. 'देखो, रीछ बरसों बाद अपने बिछड़े भाई से मिल रहा है।'

चंपतराव : हे... हे लय झालं.

मारोतराव : हास, हास. पुन्हा हास.

चंपतराव : मारोत्या, म्या नाही पळालो असं म्या कवाच म्हनलं नाही. म्या पळालो. सगळ्या गावानं पाह्यलं, आता दुनियानं पाह्यलं. पन आवाज देऊन पळालो. यवढंच म्या म्हनत होतो.

मारोतराव : कोठी आहे आवाज? अं? टीव्ही समोर आहे. आयकव.

चंपतराव : ह्याच्यात तं दुसरेच आवाज हायेत.

मारोतराव : मंग तोंड दाखव. वरडताना तोंड उघडलं असन ना?

चंपतराव : पाठ दिसते माही. तोंड तिकडं हाय.

मारोतराव : मंग झालं. नाही देल्ला.

चंपतराव : बाई, हे आवाज खरे नाहीत का? जंगलातले?

देवकी : नाही. हे सगळं मुंबईला नंतर भरलेलं असतं. तिथं फक्त चित्र घेतलं होतं.

चंपतराव : अस्सं.

देवकी : तुम्हाला माहीत नव्हतं?

चंपतराव : नाही. पोरीचा फोन आला, तवा म्या म्हनलं, शिनेमा हाय तं आवाजबी असन त्याच्यात. शालीचं मले काही नाही बाई, शाल घेऊन म्या काय करू पारशिवनीच्या उनात. म्या म्हनलं, एक डाव आयकून येतो. कसं हाय, पयले धा वर्षं मले पक्कं आठोये का म्या आवाज देल्ला. मंग लोकं म्हनत राह्यले, नाही देल्ला, नाही देल्ला. मंग मले बी वाटाले लागलं, नसन देल्ला. माही बायको, गोपिका, थे म्हने, तुमी वावरात साप निंगला तरी मुकाट्यानं उभे राहता, तवा काय वरडले असान? म्या म्हनलं, हाव, बरोबर हाय. पन रातच्याले आडवा झालो का पुन्हा वाटे, नाही बे, म्या देल्ला होता.

मारोतराव : हे नाटक आहे.

चंपतराव : असन. बरं, चालतो म्या. मारोत्या, पोरीले सांग, रविवारी माहं जमत नाही. बाई, वांगे दोन दिवसात करून टाकसान. पोचट होतात.

देवकी : चहा टाकलाय मी.

चंपतराव : राहू द्या.

देवकी : चंपतराव, थांबा. चप्पल घालू नका.

चंपतराव : यष्टी भेटत नाही मंग.

देवकी : तुम्ही आवाज दिला होता.

मारोतराव : काय बोलून राहिली तू?

देवकी : दिला होता. मी तिथेच होते, मोहाच्या अलीकडे, पोरींच्या घोळक्यात. अस्वल आम्हाला नंतर दिसलं. आधी यांचा आवाज ऐकू आला. त्या आवाजानंच आम्ही वळून पाहिलं.

मारोतराव : देवके, मी तुले त्याच सांजेला विचारलं होतं. चुलीपाशी. तू म्हटलं, नाही देल्ला.

देवकी : हो. खोटं बोलले.

चंपतराव : काहून?

देवकी : मी डीएडचा फॉर्म भरला होता. घरात कुणाला न सांगता. शाळेतल्या बाईंनी भरून घेतला होता. आणि तुमच्या आईनं आमच्या मायला निरोप पाठवला होता, सुनेला शाळेबिळेत धाडणार नाही, शेतात निंदायला हात पाहिजेत. महिन्याभरात, अखजीला लग्न. मी रोज देवाला म्हणायची, काहीतरी कर. तर त्यानं अस्वल पाठवलं.

चंपतराव : देवाले दुसरं काही नाही भेटलं?

मारोतराव : अवं, मले सांगायचं होतं! मी बाबाले सांगितलं असतं!

देवकी : तुला? तू तर बँडवाल्याला सुपारी देऊन आला होतास. मित्र मेव्हणा होणार म्हणून तुझे पाय जमिनीवर नव्हते. तुला सांगून काय झालं असतं, दादा? तू मला समजावलं असतंस. मग मायनं समजावलं असतं. मग लग्न झालं असतं. तू विचारलंस, आणि मला दिसलं की एक 'नाही' म्हटलं की सगळं थांबतं. मी म्हटलं 'नाही'. आणि थांबलं.

मारोतराव : अन् मी दुसऱ्या दिवशी याच्या दारात जाऊन याच्या बापासमोर...

देवकी : माहीत आहे. मला वाटलं, लग्न तेवढं मोडेल. तुम्ही दोघं काय, भांडाल, पोळ्यापर्यंत पुन्हा एका बैलबंडीत बसाल. शेचाळीस वर्षं धरून बसाल असं वाटलं नव्हतं. दरवर्षी वाटायचं, आता सांगते. मग हेडमास्तरीण झाले आणि सांगणं आणखीच कठीण झालं. पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करायची, आणि खाली मान घालून हजेरी घ्यायची.

चंपतराव : बाई.

देवकी : बोला. काय बोलायचं ते बोला.

चंपतराव : डीएड झालं का मंग?

देवकी : झालं.

चंपतराव : कितवा नंबर आला?

देवकी : फर्स्ट क्लास. जिल्ह्यात चौथी.

चंपतराव : चौथी? येवढं करून चौथी?

देवकी : गणितात मार्क गेले.

चंपतराव : म्या गावभर गेंडा झालो, अन् तुमी गनितात मार्क घालवले.

देवकी : हसू नका हो. शिव्या द्या त्यापेक्षा.

चंपतराव : नाही देत. लग्नाचं म्या तुमाले काही म्हनत नाही. गोपिका भेटली मले, तिनं संसार सोन्यावानी केला. तुमी माह्या मायच्या वावरात निंदाले आल्या असत्या, तं दोघायचंबी वाटोळं झालं असतं. तुमी मले एकांतात सांगतलं असतं का नाही करायचं, तं म्या सोता मोडलं असतं. खरं सांगतो. पन बाई, आवाज माहा होता. पळनं बी माहंच होतं, थे ठेवलं तुमी माह्याजवळ. आवाज तेवढा नेला. थो न्याले नव्हता पाहिजे.

देवकी : हो. चुकलं माझं. रविवारी सगळ्या हॉलसमोर सांगते मी. माइक घेऊन.

चंपतराव : हॉलात कशाले. म्या आयकन असं तुमी सांगतलं, झालं. चाहा आना.

देवकी : दादा, तू पण बोल. इतक्या वर्षांचं भांडण मी लावलं. मला काहीतरी म्हण.

मारोतराव : ते बंद कर आधी. टीव्ही.

देवकी : केला. बोल.

मारोतराव : देवके, चुलीपाशी मी तुले कसं विचारलं होतं?

देवकी : कसं म्हणजे?

मारोतराव : शब्द काय होते माहे?

देवकी : 'चंपत्यानं आवाज नाही देल्ला ना?'

मारोतराव : हाव. 'देल्ला का' असं नाही विचारलं. 'नाही देल्ला ना' असं विचारलं.

देवकी : त्यानं काय फरक पडतो?

मारोतराव : मले ऐकू आला होता.

देवकी : काय?

मारोतराव : बारदान्याच्या आतून. साफ ऐकू आला. मी मघाशी म्हटलं ना, मले वाटलं चंपत्या गुदगुल्या करून राहिला? थे मी नंतर बनवलं. लोकांले हासवाले. मले सगळं समजलं होतं. पण पाय उचलत नव्हते. ह्या कमरेखाली काही होतं की नाही, मले समजत नव्हतं. अस्वल गेलं, लोकं धावत आले, अन् कोणीतरी वरडलं, 'वा रे मारोती, अस्वलासमोर हालला नाही!' दुग्गलनं गळ्यात हार घातला. बाबा रडून राहिले होते. मंग मी कोणाले सांगू, की यानं मले पळ म्हटलं अन् मले पळता नाही आलं? त्याच्यापेक्षा यानं आवाजच देल्ला नाही, थे बरं होतं. मी फक्त कोणीतरी 'हाव' म्हणायची वाट पाहत होतो. तू म्हटलं.

देवकी : म्हणजे माझं खोटं तुला माहीत होतं?

मारोतराव : तुहं मले माहीत होतं. माहं तुले माहीत नव्हतं. मी म्हटलं, बहिणीनं भावाची इज्जत राखली. डीएडचं आता समजून राहिलं.

चंपतराव : मारोत्या.

मारोतराव : मार. चपलेनं मार, दारातच आहे.

चंपतराव : खरंच पाय उचलत नव्हते?

मारोतराव : पाय सोड गा. चड्डीसुद्धा ओली झाली होती.

चंपतराव : म्हनूनच गेलं असन थे अस्वल.

देवकी : अहो!

चंपतराव : नाही, तं म्या इचार करत होतो, येवढा गूळ सोडून कसं काय गेलं. हास ना बे. म्या हासून राहिलो, आता खरा हासून राहिलो.

मारोतराव : मले नाही येत हासू.

चंपतराव : बरं, एक सांग. तुले आयकू आलं म्हनतो, तं काय आयकू आलं? म्या नेमकं काय म्हनलो होतो?

मारोतराव : 'मारोत्या.' अन् मंग 'पळ.'

चंपतराव : नाव पयले?

मारोतराव : नाव पहिले.

चंपतराव : यवढंच मले आठोत नव्हतं.